कथेत तीन भांडणं आहेत, तरी "संघर्ष दिसत नाही" म्हणून परत आली

कोपऱ्यातली खिडकी (नागपूर)

नमस्कार मंडळी,

एका दिवाळी अंकाला कथा पाठवली होती, ती परत आली. सोबत दोनच ओळी: "भाषा चांगली. कथानक उभं राहत नाही, संघर्ष दिसत नाही." साभार परतीचं वाईट वाटण्याचं वय गेलं माझं, पण या दोन ओळी काही केल्या डोक्यातून जाईनात.

कथा अशी आहे. काटोलकडे संत्र्याची बाग, चारशे झाडं. वडील वारले. थोरला मनोहर गावी राहून बाग बघतो. धाकटा दिलीप नागपुरात, बेसा रोडला फ्लॅट घेतलाय, हप्ते चालू आहेत. त्याला बाग विकायची आहे, मनोहरला विकायची नाही. बहीण शकू लग्न होऊन वर्ध्याला. तेरवीच्या दिवशी दोघा भावांचं पहिलं भांडण होतं. मग अक्षय तृतीयेला, वडिलांच्या नावाने घागर भरायला सगळे जमतात तेव्हा दुसरं. पोळ्याला सगळ्यांत मोठं, त्यात जेवणाचं ताट भिरकावलं जातं. शेवटी आई रडते आणि दोघे गप्प होतात.

आता मला सांगा, यात संघर्ष नाही तर काय आहे? खलनायक टाकू का एखादा? की मारामारी पाहिजे? आणि कथानक म्हणजे कथेत काय काय घडतं तेच ना? शोधायला गेले तर सगळीकडे एक त्रिकोण काढून ठेवलाय आणि त्यावर बाण. माझ्या या मंडळींना त्या त्रिकोणावर कुठे बसवू ते कळत नाही. माझ्याच कथेवर बोट ठेवून कुणी साध्या मराठीत सांगितलं तर फार बरं होईल.

---

तिसरी घंटा

तो त्रिकोण गुस्ताव फ्रायटाग नावाच्या जर्मन लेखकाचा. १८६३ साली नाटकाच्या तंत्रावर त्याने पुस्तक लिहिलं, त्यातला. समोर ग्रीक आणि शेक्सपिअरची नाटकं ठेवून काढलाय: ओळख, चढण, शिखर, उतार, शेवट. लघुकथेला तो जसाच्या तसा लावायचा म्हणजे लहान पोराला बापाचा कोट.

तालमीत आम्ही एवढंच विचारतो की या प्रवेशात याला काय पाहिजे, आणि प्रवेश संपताना ते मिळालं की हुकलं? तुमच्या तिन्ही भांडणांत दिलीप तेच मागतो आणि मनोहर तेच नाकारतो. नट तिसऱ्या वेळी कंटाळेल. प्रेक्षक दुसऱ्याच वेळी कंटाळलेला असेल.

---

निवृत्त लघुलेखक (नागपूर)

ताई, मी साहित्यिक नाही. सगळी नोकरी दिवाणी न्यायालयात लघुलेखक म्हणून गेली. वाटपाचे दावे इतके टंकले की भावाभावांचं भांडण म्हटलं की बोटं आपोआप चालायला लागतात. तेव्हा जे सांगतोय ते तिथलंच आहे. पटलं तर घ्या.

दाव्याच्या कागदात एक परिच्छेद असावाच लागतो: "दाव्यास कारण अमुक तारखेस मौजे अमुक येथे घडले." वकील नवशिका असला तरी हा परिच्छेद विसरत नाही, कारण दाव्याला कारणच दिसत नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७, नियम ११ खाली दावा नामंजूर होतो. पुढे साक्षीपुराव्याची वेळच येत नाही. "वादी-प्रतिवादींचे पूर्वीपासून पटत नाही" हे कारण धरत नाहीत. पटत तर कुणाचंच नसतं. एवढी वर्षं एका चुलीवर जेवलात ना, मग त्या दिवशी असं काय झालं की कोर्टाची पायरी चढलात? बहुतेक वेळा उत्तर अगदी बारीक असतं. एकाने हिस्सा मागितला आणि दुसऱ्याने तोंडावर नाही म्हटलं. किंवा तलाठ्याकडे सातबारा काढायला गेला आणि फेरफार परस्पर झालेला दिसला. त्या क्षणापासून मागे जाता येत नाही. कागद हातात आल्यावर "मला माहीतच नव्हतं" म्हणायची सोय संपते.

तुमच्या कथेत तो दिवस कोणता? तेरवी म्हणाल. बरं, तेरवीला दिलीप म्हणाला विकू, मनोहर म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी दिलीप एसटीने नागपूरला आला, मनोहर बागेत गेला. कुणाचं काही अडलं का? कुणाला असं काही कळलं का, जे आता विसरता येणार नाही? नसेल, तर ती तेरवी आहे, कारण नाही.

याची एक साधी परीक्षा करता येते. तेरवीचं भांडण उचलून पोळ्याला ठेवा आणि पोळ्याचं तेरवीला. नैवेद्य-पुरणपोळीचे दोन शब्द बदलून वाचकाला पत्ता लागत नसेल, तर तुमच्याकडे तीन प्रसंग आहेत, कथानक नाही. मला वाटतं संपादकांना हेच म्हणायचं होतं. त्यांना दोन ओळींत सांगावं लागलं, आपल्याकडे जागा आहे.

आता संघर्षाचं. दावा आला, प्रतिवादीची कैफियत आली, की न्यायाधीश दोन्ही समोर ठेवून मुद्दे काढतात. एकाने ठासून सांगितलं आणि दुसऱ्याने नाकारलं, तेवढाच मुद्दा. जे दोघांना मान्य, ते शाबीत करत बसायचं नसतं. तुमचा सारांश मी याच सवयीने वाचला. वडील चांगले होते: मान्य. आईला वाईट वाटतं: मान्य. बागेत सगळ्यांचा जीव गुंतलाय: हेही मान्यच असणार. माझा अंदाज आहे की कथेची निम्मी पानं या मान्य गोष्टींवर गेली असतील, आणि "भाषा चांगली" हा शेरा त्याच पानांना मिळाला असेल. वादाचा मुद्दा एकच, विकायची की नाही, आणि तोही पहिल्या पानावर जसा होता तसाच शेवटच्या पानावर. आवाज वाढला, मुद्दा हलला नाही.

खलनायकाचं म्हणाल तर वाटपाच्या दाव्यांत मला तो फारसा भेटलाच नाही. दोन्हीकडची माणसं आपापल्या जागी बरोबर असायची, म्हणून तर दावे वर्षानुवर्षं चालायचे. एक बाजू उघड खोटी असती तर तडजोडीत कधीच मिटलं असतं.

पण कोर्ट आणि कथा यांत एक फरक आहे आणि तुमच्या कामाचा तोच आहे. कोर्टाला दोन पक्ष लागतात. कथेत खरी गंमत येते ती वादी आणि प्रतिवादी एकाच कातडीत असले म्हणजे.

एक साक्ष सांगतो. कुणाची, कधीची, ते सोडा. बहीण पिंजऱ्यात उभी. वकिलाने हक्कसोडपत्र पुढे केलं, "ही सही तुमचीच ना?" बाईंनी कागद हातात घेतला. सही पाहिली नाही, सहीच्या वरची तारीख पाहिली. मग भाऊ बसला होता तिकडे पाहिलं. भावाच्या मांडीवर बाईंचीच पिशवी होती, आत पिंजऱ्यात जाताना तिनेच त्याच्याकडे सांभाळायला दिलेली. ज्याच्याविरुद्ध दावा लावला, त्याच्याकडे! मग म्हणाल्या, "हो, माझीच." साहेबांनी सांगितलं आणि मी टंकलं: "हे म्हणणे खरे आहे की, सदर दस्तावरील सही माझी आहे." पिशवीचं काही टंकलं नाही. खरं तर साक्षीदार कसा वागला याचा शेरा न्यायाधीशाला नोंदवता येतो, आदेश १८, नियम १२ मध्ये तशी तरतूद आहे, पण पिशवीसाठी ती कोण वापरतो. तुम्हाला मात्र मुभा आहे. तुम्ही पिशवी लिहा, सही नाही लिहिली तरी चालेल.

म्हणून विचारतो, शकूचं काय? तुमच्या सारांशात तिला एक ओळ मिळाली आणि त्यातही गावाचं नाव फक्त. बाग वडिलोपार्जित असो की वडिलांनी स्वतः घेतलेली, मृत्युपत्र नसेल तर तिचा हिस्सा आहे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीपासून मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखीच वाटेकरी, आणि बाप ती दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी हयात नसला तरी हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. आई, दोन भाऊ, बहीण. चौघांना पाव पाव. शकूच्या सहीशिवाय दिलीप बाग विकू शकत नाही. आणि मनोहरला बाग राखायची असेल तर त्यालाही शकूचा पाव हिस्सा आपल्याकडे यायला हवा आहे. दोघेही भाऊ तिच्याशी गोडच बोलणार, भाऊबिजेचा हवाला देणार. एकाला सही दिली की दुसऱ्याचं दार बंद. कुणालाच दिली नाही तर दोन्ही बंद. आणि हक्कसोड एकदा दुय्यम निबंधकाकडे नोंदली की "चुकून झालं" म्हणून परत घेता येत नाही, त्यासाठी पुन्हा कोर्टच गाठावं लागतं.

तिला माहेर पाहिजे आणि तिला हिस्साही पाहिजे. या दोन हव्यांपैकी एक सोडावं लागेल, आणि सोडायची तारीख दुसऱ्या कुणीतरी ठरवलेली असेल. मला विचाराल तर तुमची कथा तिथे बसली आहे. आणि माझी पैज आहे, ती तिन्ही भांडणांत पाहुण्यांना पाणी देत फिरत असेल.

---

कोपऱ्यातली खिडकी

काका, चहा देते. तिन्ही वेळा.

---

काटोलचा बागाईतदार

लघुलेखक काकाचं कायद्याचं बरोबर आहे. मी बागेचं सांगतो, काऊन की या कथेत बाग नुसती मागं उभी हाय, ताई, पडद्यासारखी. बाग कथेत काम करू शकते.

अठरा बाय अठरा फुटांवर चारशे झाडं म्हणजे तीन एकर झाली. आता तुमची अक्षय तृतीया एप्रिल-मेमधी येते. मृग बहार घ्यायचा असंल तर त्याच दिवसांत झाडं ताणावर असतात. म्हणजे पानी बंद. मुद्दाम बंद. हलक्या जमिनीत कमी दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त. पानं पिवळी पडतात, कोमेजून खाली लोंबतात, काही गळून पडतात. मंग जूनमधी पाऊस आला का ताण तुटतो आन् झाडाले फूल येते. ताण बरोबर बसला नाही तर मृग फुटत नाही, झाड नुसतं पालवीवर जाते. मधातच अवकाळी पाऊस आला तरी घोळ. आन् ताण दिल्यावर पाऊस लांबला, विहिरीले पानी नाही, तर मंग झाडच जाते हातचं.

ज्याले माहीत नाही त्याले ताणावरची बाग मेल्यासारखी दिसते. तुमचा दिलीप नागपूरहून गिऱ्हाईक घेऊन मे महिन्यात आला तर काय दिसंल त्याले? वाळलेली बाग! तो म्हननार, "दादा, बापाची बाग मारून टाकली तू, म्हनून म्हनतो विक." आन् मनोहर? त्यानं तर व्यापाऱ्याकडून मृगाचा इसार घेऊन ठेवला असंल, ते त्याले सांगता येत नाही. तो गप. तुमच्या त्या दुसऱ्या भांडनात हे टाकून पाहा बरं.

---

तिसरी घंटा

वा बागाईतदार! दोघेही खरं बोलताहेत आणि दोघेही समोरच्याला खोटं समजताहेत. हा प्रवेश मी उद्या बसवतो.

लघुलेखकांच्या शकूवरून "वाडा चिरेबंदी" हे नाटक आठवलं. १९८५ चं, विदर्भातलाच वाडा, वडील गेल्यावर मुंबईचा मुलगा-सून येतात, दिवसकार्याच्या खर्चावरून, वाट्यावरून धुसफूस. घरातलं सोनं हा सगळ्यांच्या मनातला विषय. आणि ते सोनं घेऊन जाते कोण, तर सिनेमाच्या नादी लागलेली घरातली पोर, जिला मोठ्या मंडळींनी हिशेबातच धरलेलं नसतं. भांडणारे एकीकडे आणि घडणारं दुसरीकडे. तुम्ही ते पाहून नक्कल करा असं म्हणत नाहीये, पण घर एवढं ओळखीचं आहे की ते कसं बांधलंय हे बघून घ्यायला हरकत नाही.

---

रिकामा बाक

थोडं उलट बोलतो. सगळ्या कथांना हे दावे-कैफियती कशाला लावायच्या? संघर्ष हाच कथेचा प्राण, ही समजूत मुख्यतः पाश्चात्त्य नाट्यविचारातून आली. आपल्या भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात कार्याच्या पाच अवस्था दिल्या आहेत: प्रारंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा (मिळेल अशी आशा), नियताप्ती (मिळणारच अशी खात्री), फलागम (फळ हाती येणं). यातलं एक तरी नाव लढाईचं आहे का? कुणाला तरी काही हवं आहे आणि ते मिळण्याकडे वाटचाल आहे, इतकंच. जपानी लोकांकडे चार भागांची रचना आहे, की-शो-तेन-केत्सु, मूळ चिनी चार ओळींच्या कवितेतली. मांडणी, विस्तार, तिसऱ्यात एकदम भलतंच वळण, चौथ्यात ते वळण आणि आधीचं जुळतं. चार चौकटींच्या त्यांच्या हास्यचित्रमाला बहुतेक अशाच असतात.

नागपुरातलंच उदाहरण रचतो. मे महिना, दुपारी एक बाई बादलीने कूलरची टाकी भरते. दुसऱ्या दिवशीही, नळाला पाणी कमी आहे तरी. तिसऱ्या भागात एकदम शेजारचं कुलूपबंद घर, आणि त्याच्या खिडकीतल्या कूलरखाली ओल. चौथ्यात कळतं की ती बाई रोज भिंतीवरून हात घालून त्या बंद घराच्या कूलरमध्येही एक बादली ओतते, कारण त्याच्या वाळ्याच्या ताट्यांत चिमणीने घरटं केलंय. कुणी कुणाशी भांडलं नाही, कुणाला निवड करावी लागली नाही. तरी ही कथा आहे.

कथानक म्हणजे भांडण नाही एवढं मान्य. पण कथानक म्हणजे पेच, हेही मला मान्य नाही. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरने १९२७ मध्ये कथानकाचा जो दाखला दिला त्यात सुद्धा राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली, एवढंच आहे. कारण आहे. संघर्ष कुठाय?

---

निवृत्त लघुलेखक

बाकवाले, तुमची कूलरची गोष्ट आवडली. मात्र तुम्हीच लिहिलंत, "नळाला पाणी कमी आहे तरी." ते "तरी" काढून टाका बघू. पाणी मुबलक, बाई दोन बादल्या ओतते. वाचक म्हणेल, ओतू दे की. तुम्हालाही दोन हवं असलेल्या गोष्टी एका बादलीत बसवाव्या लागल्या, फक्त तुम्ही आवाज केला नाहीत.

भरताच्या पाच अवस्थांबद्दल मात्र तुमचं ऐकतो. त्यात शत्रूपेक्षा फळाकडे नजर आहे, हे मला मोलाचं वाटतं. ताईंनाही ते उपयोगी पडेल: शकूला काय पाहिजे हे आधी ठरवा, तिच्या विरुद्ध कोण हे नंतर. पण प्रयत्न आणि प्राप्तीची नुसती आशा यांच्यामध्ये काही आडवं आलंच नसतं, तर भरतमुनींना पाच पायऱ्या कशाला लागल्या असत्या? दोनांत भागलं असतं.

राहता राहिली राणी. ती दुःखाने मेली म्हणजे जगायला तिला दुसरं काही पुरेसं वाटलं नाही. राजपुत्र लहान होता का? राज्य कुणावर सोडलं? फॉर्स्टरसाहेबांना कारण दाखवायचं होतं, त्यांनी तिथेच थांबवलं. मी तिथून उलटतपासणी सुरू केली असती.

तरी एक कबूल. वळणाच्या जोरावर उभ्या राहणाऱ्या कथा असतात आणि त्यांना मुद्दे काढायला बसलं तर त्या मरतात. ताईंची कथा त्यातली नाही. जमीन, मृत्यू, चार वारस आणि कर्जाचे हप्ते एका कागदावर आणून ठेवल्यावर "इथे वादाचं काही नाही" म्हणता येत नाही.

---

रिकामा बाक

"तरी"वर पकडलंत. ठीक आहे. पण राणीला उलटतपासणीला उभं करू नका हो.

---

कोपऱ्यातली खिडकी

दोन दिवस वही घेऊन बसले होते. काका, शकूला मध्ये आणलं तर एक अडचण येते. ती स्वभावाने बोलणारीच नाही. माझी मावशी डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहे मी तिला. तिच्या तोंडी मोठं मनोगत घातलं तर मलाच खोटं वाटेल. आणि मनात ती काय विचार करते ते पानभर लिहिलं तर पुन्हा "भाषा चांगली" असा शेरा येईल. न बोलणाऱ्या माणसाचा संघर्ष दाखवायचा कसा?

---

निवृत्त लघुलेखक

बोलणाऱ्यापेक्षा सोपा. बोलणारा माणूस आपली बाजू स्वतःच मांडून टाकतो, मग लेखकाला काम उरत नाही.

तिला कामं द्या. तेरवीनंतर परत जाताना ती काटोलला उतरून सातबाऱ्याची नक्कल काढते आणि नवऱ्याला सांगत नाही. झालं, वाचकाला कळलं की तिला हिस्सा हवा आहे, आणि हवा आहे हे सांगायची तिला लाज आहे. एक शब्द बोलावा लागला नाही. पुढच्या वेळी ती नक्कल तिच्या पर्समध्येच आहे आणि मनोहरचा मुलगा चॉकलेटसाठी पर्स उघडतो. आता तुम्हाला कुणाचा आवाज चढवायची गरज आहे का?

प्रत्येक प्रसंगाअखेर एक पाहा: कुणाची तरी बाजू हलली का? कालपर्यंत जे म्हणता येत होतं ते आज म्हणता येत नाही, असं कुणाचं तरी झालं पाहिजे. मुलाने कागद बाहेर काढल्यावर शकूला "मला काही नको गं वहिनी" म्हणता येणार नाही. मनोहरलाही "आपल्या शकूला काय पडलंय" म्हणता येणार नाही. आणि दिलीपला प्रथमच आशा वाटेल, चुकीची का होईना.

तुमचा शेवट मला खटकतो तो याच कारणाने. आई रडते, दोघे गप्प होतात. कशाने गप्प झाले? आई तेरवीलाही रडलीच असेल. तेव्हा गप्प झाले नाहीत आणि आता झाले, तर मधे काय बदललं? आईचे डोळे कथेच्या शेवटी लेखकाच्या मदतीला धावून येतात, हे मी बऱ्याच कथांत वाचलं आहे. आईला तिचा पाव हिस्सा द्या. तिलाही सही करायची आहे, तीही पक्षकार आहे. पक्षकाराला नुसतं रडून चालत नाही.

---

कोपऱ्यातली खिडकी

आईचं वाचून जरा राग आला होता, पण बरोबर आहे.

आता असा विचार आहे. अक्षय तृतीयेला दिलीप गिऱ्हाईक घेऊन येतो, बाग पिवळी दिसते, तिथे दोघा भावांचं होतं (काटोलवाले दादा, हे तुमचं उचललं बरं का). पर्सचा प्रसंग त्याच दिवशी, स्वयंपाकघरात. दुय्यम निबंधकाकडची तारीख मेच्या शेवटी. शकू येते. मनोहर तिला घ्यायला बस स्टँडवर जातो. सही होते की नाही ते वाचकाला तिथे दाखवायचं नाही, पोळ्याला कळेल. पोळ्याला ताट भिरकावणं काढून टाकते आहे, खरं तर ते मला पहिल्यापासून नाटकी वाटत होतं. तेरवी तीन ओळींत उरकते.

दादा, दोन गोष्टी विचारायच्या होत्या. मृग फुटला की नाही हे पोळ्याला झाडाकडे बघून कळेल का? आणि ताण तोडायला पाऊस आला नाही, मनोहर तालुक्याला सहीच्या कामात, तर विहिरीचं पाणी शकूने सोडलं असं दाखवलं तर चालेल?

---

काटोलचा बागाईतदार

पयल्याचं उत्तर, हो. जून-जुलैत फूल आलं असंल तर पोळ्याले झाडावर बारकी हिरवी फळं असतात. पानात लपलेली राहतात, दुरून दिसत नाही, फांदी हातानं बाजूले करा लागते. दिलीपले दुरून काहीच दिसनार नाही. मनोहरले जवळ न जाताच समजते.

दुसऱ्याचं. मेच्या शेवटी कोनी घाई करून ताण तोडत नाही, पावसाची वाट पाहते. पानी सोडाची पाळी आली तर ती जूनमधी, पाऊस लांबल्यावर. म्हनजे सही आन् पानी एका दिवशी नका आनू, मधात पंधरा-वीस दिवस जाऊ द्या. सही झाल्यावर शकू वर्ध्याले परत गेली असंल ना? मंग जूनमधी ती परत काऊन आली हे तुमाले सांगा लागंल. तेच जास्त मजेचं हाय, माझ्या मतानं.

आन् पानी सोडलं म्हनजे बटन दाबलं आन् झालं, असं नसते. शेतातली लाइन पुष्कळदा रात्री येते. रात्री दोन वाजता उठून, बॅटरी घेऊन, मोटर चालू करून, एकेका रांगेचं पानी फिरवा लागते. तीन एकर एका रात्रीत होत नाही. शकूले माहेरी दोन-चार रात्री राहा लागंल. कोनाच्या घरी, मनोहरच्या की आईच्या खोलीत, आन् वहिनी तिले चहा देते का नाही, हे तुमी पाहा.